तिसरं माप

"बाबा, पोरगी आहे ती. दाराची चौकट नाही."

टेप तिसऱ्यांदा मापाला आलेल्या मुलीच्या कमरेभोवती फिरली, तसा लेकीने टोमणा मारला.

"तू पट्टे शिव," बाबा म्हणाले. "मापात नाक खुपसू नकोस."

वाकड्या कण्याच्या मुलांसाठी बाबा अंगाबरहुकूम प्लास्टिकची चिलखतं बनवायचे. चिलखत हा त्यांचा शब्द. डॉक्टर ब्रेस म्हणायचे. पस्तिशीची लेक पलीकडच्या टेबलाशी बसून त्यांचे पट्टे शिवायची. बाकीचे कारागीर दोनदा मोजून मोकळे होत. बाबा तीनदा मोजायचे, आणि आकडे असे मोठ्याने वाचायचे की लिलाव चाललाय असं वाटावं.

"श्वास सोडा, सेनापती," ते चौदा वर्षांच्या त्या मुलीला म्हणाले. "पोट आत ओढून मला फसवता यायचं नाही."

मुलगी खुदकन हसली. तिची आई हसली नाही. तिच्या मांडीवर एक्स-रेचं पाकीट होतं. सहा महिन्यांपूर्वी कण्याचा बाक अठ्ठावीस अंश होता, आता छत्तीस. असाच वाढत गेला तर ऑपरेशन, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं.

"रोज अठरा तास घालते हो काका. शाळेतसुद्धा," आई म्हणाली. "मग असं कसं झालं?"

मुलगी खिडकीबाहेर बघू लागली. लेकीच्या हातात त्या मुलीचं जुनं चिलखत होतं. सहा महिने वापरलेलं. पण पट्ट्यांवर ना घामाचा डाग, ना चुरगळा. काखेखालची कड आजच कापल्यासारखी कोरी. लेक काय समजायचं ते समजली. बोलायला तिने तोंड उघडलं, आणि दोऱ्याचं टोक दातांनी तोडून पुन्हा मिटलं.

"माझाच हात चुकला असेल," बाबा म्हणाले. "नवीन करून देतो. पोरीला बोल लावू नका." मग त्यांनी हनुवटीने लेकीकडे खूण केली. "हिचंही मीच बनवलं होतं. तेव्हा दोनदाच मोजायचो. चुकलो. पंधराव्या वर्षी पाठीवर वीतभर टाके पडले हिच्या. तेव्हापासून तीनदा."

"आणि तेव्हापासून आमच्या घरी सगळ्यांची जेवणं गार," लेक म्हणाली.

सगळे हसले. सगळ्यांत मोठ्याने बाबा.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते बुटाची नाडी बांधायला वाकले, ते पुन्हा उठले नाहीत.

दहा दिवसांनी मायलेकी चिलखत न्यायला आल्या. बाबांच्या लेकीने ते एकटीने पुरं केलं होतं, त्यांनी लिहून ठेवलेल्या आकड्यांवरून. तिने ते मुलीच्या अंगावर चढवलं, मागे उभी राहून पट्टे ओढायला घेतले.

"ऐकून फार वाईट वाटलं," मुलीची आई हळू आवाजात म्हणाली. "इतका प्रामाणिक माणूस. स्वतःची चूक अशी चारचौघांत कोण कबूल करतं हल्ली?"

पट्टा ओढता ओढता लेकीचे हात थांबले. ती वळसा घालून मुलीच्या पुढ्यात आली. मुलगी खिडकी शोधू लागली, तसं लेकीने दोन्ही हातांनी तिचे खांदे धरले.

"त्यांची चूक नव्हती," ती म्हणाली. आत कुणी कमी ऐकणारं बसलं असावं, एवढ्या मोठ्याने. "बाबा, तुम्ही घेतलेलं माझं माप बरोबर होतं. मी रोज शाळेला निघाले की चिलखत काढून जिन्याखालच्या मीटरच्या कपाटात ठेवायचे, आणि तुम्ही घरी यायच्या आत पुन्हा चढवायचे. दोन वर्षं."