चौदा टप्पे

दिनांक ३ मार्च, सकाळी ९ वाजून १२ मिनिटांनी घरच्या इंटरनेट फोनची घंटी वाजली. असा फोन एका यंत्राकडून दुसऱ्याकडे टप्प्याटप्प्याने येतो. पडद्यावरच्या नोंदीत चौदा टप्पे होते. क्रमांक आमच्या लेकीचा होता. ती वारल्यावर तो मीच बंद केला होता.

फोन उचलला. पलीकडे श्वासाएवढी खरखर होती.

नोकरीतल्या शिस्तीप्रमाणे मी सर्वांत दूरचा टप्पा अडवला. दुसऱ्या दिवशी त्याच मिनिटाला घंटी वाजली. टप्पे तेरा.

"जन्मभर लोकांचे फोन जोडलेत आणि लेकीचा तेवढा तोडताय," बायको म्हणाली.

"बिघाड आहे गं तो."

"असू दे. आपला तर आहे ना."

मी रोज एक टप्पा अडवत राहिलो. सोळा तारखेला एकच उरला, आमच्या बैठकीतले यंत्र. त्याची वायर मी काढून ठेवली.

"अहो, तुम्ही वाट बंद नाही केलीत," बायको शांतपणे म्हणाली. "जवळची केलीत."

आज ९ वाजून १२ मिनिटांनी घंटी वाजली. बायको फोनकडे वळलीही नाही. ती लेकीच्या बंद खोलीच्या दाराकडे पाहत होती. सवयीने मी नोंद वाचली.

टप्पे शून्य.