मंगळुरी कौलं

मोरा बंदरात, सकाळच्या धुक्यात, शिडाचं गलबत नांगरून उभं होतं. फातिमाबींनी ते पाहताक्षणी ओळखलं. चाळीस वर्षांपूर्वी, मुलगा तान्हा असताना, त्यांचा नवरा सुलेमान घरासाठी मंगळुरी कौलं आणायला त्यातूनच गेला, तो परतलाच नव्हता.

“अम्मी, तिथं काही नाहीये,” सून उझमा म्हणाली. “पुन्हा गलबत म्हणालात तर थेट डॉक्टरकडे नेईन.”

“बरं बाई, नाही.”

सुनेची पाठ वळताच त्यांनी पाण्याकडे हाक घातली, “अहो, जुनं घर पाडलं. आता द्रोणागिरीला राहतो, पाचव्या मजल्यावर. वर स्लॅब आहे, कौलं नकोत.”

घरी उझमाने गॅलरीचं दार उघडलं.

“अम्मी, ही ओली कौलं कुणी रचली?”

“पत्ता तेवढा नीट ऐकला,” फातिमाबी वैतागल्या.

तेवढ्यात दाराची बेल वाजली.

“चहा टाक गं. तुझे सासरे असतील.”