आजीचा फोटो पाहूनच घ्या

“नाकावर घे,” म्हणत मुलाने स्वतःच आईच्या तोंडावरचा मफलर वर ओढला. दवाखान्याची बाकं गच्च भरलेली. म्हातारीच्या छातीत घरघर चालली होती.

*खोकला, दमा, कफ, अपचन, पोटफुगी. सर्वांवर एकच.*

मुलगा बाटल्यांतून विकायचा ते औषध घरचेच. मागच्या खोलीत साखरेचा पाक, पुदिन्याचा अर्क, चिमूटभर रंग, ढवळायची म्हातारीच. बाटलीवर फोटोही तिचाच. फोटो काढला त्या दिवशी तिला साधी शिंकही आली नव्हती. बरी झाल्यासारखी हस, एवढेच मुलगा म्हणाला होता.

दोन महिने ती डॉक्टरांकडे ने म्हणून मागे लागली होती. तुला दवाखान्यात कुणी पाहिलं तर आपलं औषध कोण घेईल, हे त्याचे ठरलेले उत्तर. काल थुंकीत रक्त दिसले तेव्हा कुठे तो हलला. तेही शहराच्या पार दुसऱ्या टोकाला.

*लहान मुलांस अर्धा चमचा. बाटली हलवून घ्यावी.*

शेजारच्या बाईने हलवली. काचेवर म्हातारीचा हसरा चेहरा वरखाली झाला. बाईच्या मांडीवर चारेक वर्षांची पोर. प्रत्येक श्वासाला तिच्या बरगड्या आत ओढल्या जात होत्या. आठवडाभर हेच देतेय, बाई आपणहून सांगू लागली. नवरा म्हणतो, औषध चालू असताना डॉक्टर कशाला. पण तिला राहवेना.

म्हातारीचा दम कोंडला. तिने मफलर खाली ओढला.

पोरीने बोट आधी बाटलीकडे केले, मग म्हातारीकडे.

“अगं बाई, तुम्हीच की त्या! आणि इथे?”

“माझी पाठ धरलीय,” मुलगा घाईने म्हणाला. “आई ठणठणीत आहे.”

बाईने त्याच्याकडे पाहिलेही नाही. “आजी, खरंच गुण येतो ना हो?”

साखर आहे गं ती नुसती. शब्द जिभेपर्यंत आले. त्यांच्यामागून खोकला आला. मनगटावर मुलाची बोटे घट्ट झाली. म्हातारीने शब्द गिळले, खोकला गिळला.

आणि हसली. बाटलीवरच्यासारखीच.

बाईचा चेहरा उजळला. तिने पोरीला कडेवर घेतले, पिशवी उचलली. “उगाच घाबरले बघा. आता अख्खा चमचा देते.”

दार तिच्यामागे हलत राहिले.

“अकरा नंबर,” नर्सने पुकारले. कुणी उठले नाही.

“बारा.”

आत गेल्यावर मुलाने आधी दार लावून घेतले. डॉक्टरांनी म्हातारीच्या पाठीला नळी टेकवली.

“हं, आता खोका आजी. अगदी मोकळेपणाने.”