शिडीवरचा शिपाई

पेणला गणपतींचे डोळे आखण्यात काशिनाथची अर्धी हयात गेली. उरलेली अर्धी शारजाच्या एका शेडमध्ये जाणार होती आणि तिथे हाती आली प्लास्टरची लढाई. एका म्युझियमसाठी यादवी युद्धाचं मॉडेल होतं: समुद्रकाठचा किल्ला, तटाला शिडी, शिडीच्या तळाशी एक शिपाई, मागे वाळूत पायदळ, वर तटावर एकटा पहारेकरी. पहारेकऱ्याला काशिनाथने गावाकडच्या धाकट्या भावाचा चेहरा दिला होता. तेवढीच सोबत.

"चेहऱ्यांना डोळे नकोत, क्लायंटने साफ सांगितलंय," सुपरवायझर विजयकुमार म्हणाले होते. "नुसत्या खाचा ठेव. यल्ला, चल आटप, गुरुवारी डिलिव्हरी."

पण सवयीच्या हाताला कोण सांगणार? सोमवारी शिडीखालच्या शिपायाला डोळे आखले गेले. मंगळवारी तो शिडीच्या मध्यावर होता.

"साहेब, हा वर चढलाय."

"बरंय की. सात वर्षांत या शेडमध्ये कोणीतरी वर चढलं."

बुधवारी दुपारी शिपायाचा हात तटाच्या कठड्यावर टेकला होता. भावाच्या चेहऱ्याचा पहारेकरी आंधळा उभा. याला निदान दिसू तरी दे, म्हणून काशिनाथने पाठ वळवून काळा रंग कालवला आणि ब्रश घेऊन तटावर वाकला.

पहारेकऱ्याला डोळे होते. रंग अजून ओला होता.

शिडी रिकामी होती, तटावरही शिपाई कुठे नव्हता. आणि भाऊ शिडीकडे बघतच नव्हता. तो काशिनाथच्या खांद्यावरून मागे बघत होता.