दाराचा गुडघा

पहिल्यांदा तो आवाज आला तेव्हा अनीशने कप बशीवर इतक्या जोरात आदळला की चहा फायलीवर सांडला.

फुस्स.

“माफ करा, मॅडम,” तो म्हणाला.

राजेश्वरी मॅडम नुकत्याच खुर्चीत टेकल्या होत्या. सीमाशुल्क खात्याच्या अधिकारी, पुण्याहून खास तपासणीला आलेल्या. त्यांनी रुमालाने फाईल पुसली. अनीशने मात्र मनातल्या मनात सहादेव फिटरच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

कारण आवाज ओळखीचा होता. नगरच्या एमआयडीसीतल्या त्याच्या छोट्या कारखान्यात कृत्रिम गुडघे तयार होत. त्यातला वीतभर लांबीचा, तेल भरलेला दांडा तेवढा परदेशातून यायचा. पाऊल टाकताना गुडघा दणकन न मोडता हळूच वाकतो, तो या दांड्यामुळे. पहिल्या खेपेतल्या सहा दांड्यांना एक खोड होती, वाकताना ते फुस्स करायचे. त्यातले पाच गुडघ्यांत बसून पुण्याच्या एका दवाखान्यामार्फत कुणाकुणाला गेले. सहावा कपाटात पडून होता. मागच्या गोदामाचं दार वाऱ्याने आपटतं म्हणून महिन्यापूर्वी सहादेवने तो त्या दाराला ठोकला. या फिटरचं डोकं भारी, पण नको तिथे चालायचं.

“उद्या मॅडम यायच्या आत तो काढून ठेव,” असं अनीशने काल बजावलं होतं. सहादेवने मान डोलावली होती. सहादेव कशालाही मान डोलावतो.

आणि आजचा सगळा खेळ त्या दांड्यावरच होता. नवे चाळीस दांडे बंदरात अडकून पडले होते. खात्याचं म्हणणं, हा कसला गुडघ्याचा भाग? हा साधा यंत्राचा दांडा. दाराला लावा, नाहीतर मोटारीच्या डिकीला. तसा शिक्का बसला तर शुल्क चढणार, गुडघा महागणार आणि बाहेर बाकावर कुबड्या घेऊन बसलेली बनुबाई हात हलवत अकोले तालुक्यातल्या आपल्या गावी परतणार. आत्ताच्या किमतीहून जास्त द्यायची तिची ऐपत नव्हती.

मॅडम उठल्या.

फुस्स.

अनीशला खोकल्याची उबळ आली.

“बरं नाही का?”

“धूळ, मॅडम. इथली धूळ फार वाईट.”

त्या एका हाताने टेबलांचा काठ धरत प्रत्येक टेबलापाशी सावकाश गेल्या. दांडा दाबून पाहिला, भोकांची मापं घेतली. प्रश्नही नेमके. उतारावर दगा देत नाही ना? पावसात भिजला तर? मांडी घालून बसता येतं? इतक्या खोलात शिरणारा अधिकारी अनीशने आजवर पाहिला नव्हता. मधूनमधून फुस्स होत होतं आणि प्रत्येक वेळी तो काहीतरी खाली पाडत होता. दुपारपर्यंत नट आवळायचे दोन पाने, खिळ्यांचा डबा आणि स्वतःचा मोबाईल जमिनीवर पडून झाला.

बाहेर बाकापाशी मॅडम थांबल्या. “किती दिवस झाले, आजी?”

“जीप उलटली त्याला दोन वर्सं झाली,” बनुबाई म्हणाली. “मला लई काय नको, बाई. बांधावर हुबं ऱ्हायचंय. भाताच्या आवणीला आलेल्या बायांवर बसून वरडलं तर कुनी ऐकत न्हाई.”

मॅडम खळखळून हसल्या. मग पायावरचा भार बदलून अनीशकडे वळल्या. फुस्स.

“एकच विचारते. हा दांडा दुसऱ्या कशाला लावता येतो? समजा, दाराला?”

अनीशने ‘नाही’ म्हणायला तोंड उघडलं. समोर बनुबाई टक लावून बघत होती. खोटं त्याला कधी पचलंच नव्हतं, आजही पचेना.

“लावलाय, मॅडम. आमच्याच गोदामाच्या दाराला. सकाळपासून तोच वाजतोय.”

“सकाळपासून?”

“हो. तो ऐकू येऊ नये म्हणून तर मी हे सगळं पाडतोय.”

मॅडमच्या ओठांचा कोपरा जरासा हलला. “दाखवा.”

गोदामाचं दार सताड उघडं होतं. खाली वीट लावलेली. दांड्याच्या जागी नुसती चार भोकं. अनीशने हाक मारली तसा सहादेव आला आणि त्याने खिशातून दांडा काढून पुढे केला.

“तुमी सांगायच्या आदीच काढलाय, सायेब. चार दिस झालं. दाराच्या काय कामाचा न्हाई ह्यो. दार अर्ध्यावर आलं की अडतंय. जरा भार पडला की ह्यो घट्ट हुतोय. लाथा घातल्या तरी दार मिटंना.”

“भार पडला की घट्ट होतो,” मॅडम हळूच म्हणाल्या.

“गुडघ्याला त्येच पायजे की वो. न्हाईतर मानूस तोंडावर पडंल. दाराला काय करायचंय?”

मॅडमनी तिथेच फाईल उघडली आणि उभ्याउभ्या, मोठ्याने वाचत लिहिलं. “दाराला लावून पाहिला, निरुपयोगी ठरला. हा केवळ कृत्रिम गुडघ्याचाच भाग.” खाली झोकदार सही. “अहवाल आजच जाईल. चाळीसही सुटतील.”

बनुबाईने कुबडी बाकावर दणदणा आपटली. अनीशने सहादेवला उचलूनच घेतलं. डोळ्यांत पाणी आलं ते त्याने पुसलंही नाही. “पेढे आण,” तो ओरडला, “आणि त्या दारालाही एक ठेव!”

मॅडमनी हसत सगळ्यांचा निरोप घेतला.

मग अनीशच्या डोक्यात काहीतरी खटकलं. त्याने सहादेवच्या हातातल्या दांड्याकडे पाहिलं.

“चार दिवस झाले काढून? मग सकाळपासून वाजत काय होतं?”

सहादेवने या वेळी मान डोलावली नाही.

बाहेर मॅडम कठडा धरून गाडीकडे उतरत होत्या. कारखान्याच्या पायऱ्या सहा. एक सोडून एकीवर आवाज येत होता. फुस्स.