टाळकऱ्याचं चित्र

ताम्हिणीच्या हौसाबाई भूगावात चित्रकार अमोघकडे आल्या. वर्षश्राद्धाच्या कीर्तनात टाळकरी नवऱ्याचा फोटो ठेवायचा होता, पण घरात होता तो आधारकार्डावरचा, आणि त्यात तोंडच ओळखू येत नव्हतं.

"तुमी काढा दादा, मी सांगते. नाक सरळ, मिशी झुबकेदार. अभंग रंगला की आमचं ह्ये डोळं मिटून डुलायचं."

अमोघने टाक शाईत बुडवला. पुढचं त्याला विचारावंच लागलं नाही. चित्रातल्या भुवईवर हात आपोआप दाबला गेला, निब फाकली आणि एक जाड, तिरकी रेघ उमटली.

हौसाबाईंनी कागद छातीशी धरला, मग पुन्हा निरखून बघितला.

 

"अगदी तेच हायेत. पण दादा, ही खोक तर गाडीवाला उडवून पळाला तवा पडली, त्यातच गेलं ह्ये. तुमी कुटं बघितली?"