पिवळा बल्ब

निवेदन वाचून साहेबांनी टेबलावरचा नवा एलईडी बल्ब सुगंधाबाईंच्या हातात ठेवला. “उजेड दुप्पट, बिल निम्मं. पिवळे बल्ब विकायला आता बंदीच आहे, मावशी.”

“उजेडाचं काय करू? कोंबडीची पिल्लं वाढवतो आम्ही बाया. यंत्रात उबवलेली, आई नसलेली. पिवळ्या बल्बच्या उबेवर जगतात. हा तर पेटला तरी गारच.”

“शेगडी ठेवा.”

“धुरानं गुदमरतात.”

“खरंय तुमचं,” साहेब मनापासून म्हणाले. “पण नियम मी करत नाही. वर कळवतो.” सुगंधाबाईंची उरलीसुरली आशा तिथंच संपली. साहेब चिडले असते, तर भांडता तरी आलं असतं.

त्या घरी पोचल्या, तोवर खुराड्यातला शेवटचा पिवळा बल्ब उडाला होता. त्यांनी नवा लावला. लख्ख पांढऱ्या उजेडात पिल्लं ऊब शोधत एकमेकांच्या अंगावर चढली. सकाळी वरची पिल्लं चिवचिवत होती. खालची हलेनात.